पोत्याचा पडदा आणि दोन कड्या

पस्तीस वर्षं मी नागपुरात घरोघरी जाऊन कुत्री शिकवली. बस, ऊठ, थांब, ये, सोड. या पाच शब्दांवर माझा संसार झाला, मुलीचं शिक्षण झालं आणि दोन्ही हातांवर मिळून सतरा टाके पडले. वस्तीत मला कोणी नावाने हाक मारत नाही. मी 'कुत्तेवाले मास्तर'. सुरुवातीला राग यायचा, आता कोणी नावाने हाक मारली तर मी आजूबाजूला बघतो.

संपादकांनी फोन करून सांगितलं की धंद्यातल्या गमतीजमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. पण शेवटच्या दहा-बारा वर्षांत मला ज्या कामासाठी सगळ्यात जास्त बोलावणी आली, त्यात गंमत कमी आणि धास्ती जास्त होती. फोनवर सगळ्यांचं एकच वाक्य असायचं: "मास्तर, घरात मांजर आहे, आता कुत्रा आणलाय. दोघांची दोस्ती करून द्या."

दोस्ती हा शब्द ऐकला की मी कपाळाला हात लावतो. मोबाईलवर कुत्र्याच्या पोटाला टेकून झोपलेली मांजर लोकांनी पाहिलेली असते. आपल्या घरी तसं होत नाही म्हणजे कुत्र्यात काहीतरी खोट आहे असं त्यांना वाटतं. खोट नसते. काही कुत्र्यांच्या रक्तात शिकारीची ओढ जास्त असते. शेकडो वर्षं माणसाने तीच बघून त्यांची पैदास केली. त्यांना मांजराचा राग नसतो, द्वेष नसतो. समोरून लहानसं काही पळालं की त्यांचे पाय आपसूक निघतात. आपण काही पडताना पाहून हात पुढे करतो, त्यावेळी विचार करतो का?

या ओढीला पायऱ्या असतात. आधी कुत्रा बघतो, मग टक लावतो, मग दबकतो, धावतो आणि धरतो. जे काय करायचं ते टक लावण्याच्या आधी किंवा फार तर टक लावताना. एकदा तो धावला की कान बंद. तुम्ही छतावरून ओरडा नाहीतर ढोल बडवा. टक कशी ओळखायची? तोंड मिटतं, कान पुढे येतात, शेपटी ताठ होते आणि हातातला आवडीचा घासही तो घेत नाही. खाणं सुटलं म्हणजे अंतर चुकलं, दोन पावलं मागे व्हा, एवढं समजलं तरी निम्मं काम झालं.

पण लोकांना मागे व्हायला आवडत नाही. त्यांना ओळख करून द्यायची असते. एका सेवानिवृत्त प्राध्यापकांनी मांजराला काखेत धरून कुत्र्याच्या नाकाशी नेलं आणि 'ही तुझी ताई' असं सांगितलं. ताईने आधी प्राध्यापकांना ओरबाडलं, मग पंख्याकडे झेप घेतली. दुसऱ्या एका घरी तर भाऊबीजेच्या दिवशी कुत्रा आणि मांजर यांना शेजारी-शेजारी पाटावर बसवून ओवाळायचा घाट घातला होता. घरातल्या बाईंची श्रद्धा अशी की एकदा ओवाळलं म्हणजे नातं झालं, मग भाऊ बहिणीला हात कसा लावेल? मी पोचलो तेव्हा मांजर पडद्याच्या दांडीवर, कुत्र्याच्या तोंडात करंजी, रांगोळी साऱ्या घरभर, आणि निरांजन सोफ्याखाली होतं. निरांजन विझलेलं होतं हे त्या घराचं नशीब.

मी हसत हसत सांगतोय, पण एका घरात मला हसता आलं नाही. ते गांधीबागेत, कापडाच्या दुकानावरचं घर. दुकानदाराच्या मुलाने हौसेने बेल्जियन शेफर्ड जातीचा कुत्रा आणला होता. घरात त्याच्या आईची, म्हणजे काकूंची, नऊ वर्षांची मांजर होती, राणी. मला जानेवारीत बोलावलं. मी सगळं नीट लावून दिलं. कुत्रा खालच्या मजल्यावर, राणी वरच्या, मध्ये जिन्याचं दार, दार कायम बंद. घरातली माणसं शिस्तीची होती. चार महिने एकदाही चूक झाली नाही. मी ओळखीच्या लोकांना ते घर बघायला पाठवायचो, इतका माझा तोरा.

मे महिना आला. ज्याने नागपूरचा मे काढलाय त्याला पुढचं सांगायची गरज नाही. इतरांसाठी सांगतो. आमच्याकडे उन्हाळ्यात खिडकीत कूलर बसतो, आणि कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते. खोली बंद केली तर हवा कोंडते, गारवा येत नाही, नुसता चिकचिकाट. म्हणून आमच्या घरांत मे महिन्यात सगळी दारं उघडी असतात. आम्ही ती उघडतो हेही आमच्या लक्षात येत नाही. त्या घरात वरच्या मजल्यावर कूलर लागला, दुपारी कोणीतरी सवयीने जिन्याचं दार उघडून त्याला वीट लावली, आणि राणी गारव्यासाठी पायरीवर येऊन बसली.

मला फोन आला तेव्हा सगळं संपलं होतं. मी गेलो. मुलगा कोपऱ्यात बसून रडत होता. काकूंनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "तुमी नागपूरचेच ना हो, मास्तर?"

मी हो म्हणालो. जन्म या गावात गेला आणि मी जानेवारीत बसून नियम ठरवताना मे विसरलो. ती चूक त्या दार उघडणाऱ्याची नव्हती, माझी होती, हे मी तेव्हाही जाणत होतो आणि आजही त्याची लाज वाटते. त्यानंतर मी भित्रा झालो. शिकारी जातीचा कुत्रा आणि मांजर असं कोणी म्हटलं की पहिल्याच भेटीत सांगायचो, दोघांतला एक देऊन टाका.

वंदनाबाईंनाही मी तेच सांगितलं.

वंदनाबाई नागपूरच्या वाडी भागातल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात फाटक्या पोत्यांना टाके घालायचं काम करायच्या. वय साठीच्या आसपास, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन भंडाऱ्याला. गोदामाच्या मागेच भाड्याच्या दोन खोल्या, एकीमागे एक, आणि बाहेर पडायला दार एकच, पुढच्या खोलीचं. गोदामात उंदरांसाठी एक मांजर होती. ट्रकखाली येऊन तिचा मागचा एक पाय गेला, तेव्हा वंदनाबाईंनी तिला घरी आणलं. पण रोज सकाळी झाकणाच्या टोपलीत घालून कामावर नेत. ती दिवसभर टेबलावर बसून सगळ्यांवर नजर ठेवायची, म्हणून हमालांनी तिचं नाव 'मॅनेजर' ठेवलं होतं.

त्या हिवाळ्यात बाईंचा भाऊ गेला. भिवापूरकडे त्याचं मिरचीचं वावर होतं आणि रानडुकरं हाकलायला एक कारवानी, म्हणजे शिकारी जातीचा, कुत्रा होता, हरण्या. उंच, सडसडीत, कंबर अशी की दोन हातांच्या ओंजळीत मावावी. भाऊ शेवटचा आजारी होता तेव्हा हरण्या खाटेखालून हलला नाही म्हणे. भाच्यांना तो नको होता. डुकरांमागे जाणाऱ्या कोणा टोळीला द्यायचं चाललं होतं. बाई तेराव्याच्या आधीच त्याला टेम्पोत घालून वाडीला घेऊन आल्या. येताना भाच्यांनी एवढं सांगितलं की आत्या, याने गावात दोन मांजरी मारल्या आहेत.

मी गेलो तेव्हा हरण्या पुढच्या खोलीत खुंटीला बांधलेला होता आणि मॅनेजर मागच्या खोलीत. मधल्या चौकटीला दारच नव्हतं, नुसती जुनी साडी टांगलेली. साडी हलली की हरण्याचे कान उभे राहत. मी खिशातून कलेजीचा तुकडा काढून त्याच्या नाकाशी धरला. त्याने त्याकडे बघितलंसुद्धा नाही. शिवाय मॅनेजर तीन पायांवर लंगडत चालायची, आणि लंगडणारं जनावर म्हणजे अशा कुत्र्याला आवतणच.

"बाई," मी म्हणालो, "दोघांतला एक द्या कोणाला तरी. कुत्र्यासाठी मी चांगलं घर शोधून देतो."

त्या पोतं शिवत होत्या. सुई न थांबवता म्हणाल्या, "द्याचाच असता तं तुमाले काहून बोलावलं असतं जी?"

"मांजर मरेल, बाई. मी पाहिलंय."

"भावाचं एवढंच उरलं माह्यापाशी. अन् हे लंगडी, हिले कोन घेते? दोघं बी माह्या भरोशावर आले. तुमी सांगा, काय कराचं ते. मी करतो."

आमच्याकडच्या बायका 'मी करतो' म्हणतात, पण त्यांनी ते ज्या आवाजात म्हटलं त्यापुढे मला नाही म्हणता आलं नाही. मी बसलो आणि सांगितलं. दार पाहिजे, भक्कम. कुत्र्याला घरातही गळ्यात चार हात लांब दोर, मोकळा सरपटता, म्हणजे वेळ पडली तर पाय ठेवता येईल. त्याला एक जागा शिकवा, त्या जागेचं नाव घेतलं की सगळं सोडून तिथे जायचं. मांजर दिसता कामा नये, मग हळूहळू थोडी दिसू द्यायची. आणि दोघांना मोकळं सोडून घराबाहेर कधीच पडायचं नाही, दहा वर्षांनीसुद्धा नाही. शेवटी मी गांधीबागेचंही सांगितलं, कूलरसकट. ते सांगायची माझी ती पहिलीच वेळ होती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हनजे हवा गेली पायजे, कुत्रा नाई."

पंधरा दिवसांनी गेलो तर चौकटीत दार होतं. गोदामातल्या मोडक्या पॅलेटच्या फळ्यांची चौकट, त्यावर भंगारातली लोखंडी जाळी, हमालांनी जमून ठोकलेली. दाराला दोन कड्या, एक वर, एक खाली. मी विचारलं, दोन कशाला? त्या म्हणाल्या, "वरची याच्यासाठी. खालची आपल्यासाठी. मानूस एखादी इसरते." आणि जाळीवर, आतून, वरपासून खालपर्यंत पोत्याचा पडदा शिवलेला. हवा जाईल, नजर जाणार नाही.

खरी गोष्ट त्या पडद्याची आहे. हळूहळू दिसू द्या असं मी सांगितलं होतं. हे मी सगळ्यांना सांगायचो, पण हळूहळू म्हणजे किती हे मलाही नेमकं सांगता येत नव्हतं. लोक दोन दिवस धीर धरत आणि तिसऱ्या दिवशी दार उघडत. वंदनाबाईंनी हळूहळूचं माप काढलं. पडदा जाळीला खालच्या बाजूने टाक्यांनी शिवलेला होता. रोज संध्याकाळी हरण्याला त्याच्या जागेवर, म्हणजे एका घडी घातलेल्या पोत्यावर बसवून त्या कलेजी द्यायच्या. पलीकडे मॅनेजरची वाटी. त्याने शांतपणे खाल्लं की एक टाका उसवायचा. पडदा बोटभर सैल व्हायचा, तेवढा वर दुमडायचा. त्याने खाणं सोडून तिकडे टक लावली की दोन टाके परत घालायचे. रागावणं नाही, मारणं नाही.

"पोतं फाटलं तं एकदम नाई शिवता येत जी," त्या मला म्हणाल्या. "टाक्या-टाक्यानंच जाते."

मी तिथे बसून ते बघितलं आणि मला अगदी स्पष्ट वाटलं की इतक्या वर्षांत मला हे सुचायला हवं होतं. मी पुस्तकं वाचली, शिबिरं केली, परदेशी शिट्ट्या मागवल्या. या बाईंनी हातातल्या सुईने माझ्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम बसवलं होतं. फेब्रुवारीत बारा टाके उसवले. मार्चमध्ये रस्त्यावर एक मांजर हरण्यासमोरून पळाली, त्या आठवड्यात नऊ परत घालावे लागले. दुसरं कोणी असतं तर कंटाळलं असतं. त्यांनी नवी सुतळी घेतली.

एप्रिलमध्ये कूलर बसवायची वेळ आली तेव्हा त्यांनी तो मागच्या खोलीच्या खिडकीत लावला, मुद्दाम. हवा मॅनेजरच्या अंगावरून जाळीतून हरण्याकडे. रात्रंदिवस तिचा वास त्याच्या नाकात. पहिले दोन दिवस तो उठबस करत राहिला, मग त्याला त्या वासाचं काही वाटेनासं झालं. ज्या कूलरने गांधीबागेत घात केला, तोच इथे कामाला लागला होता. हे त्यांना कसं सुचलं असं मी विचारलं. तर म्हणाल्या, "तुमीच तं सांगतलं."

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मी पुन्हा गेलो. ऊन इतकं की रस्त्यावर ट्रकसुद्धा सावली धरून उभे. पडदा तेव्हा गुडघ्याच्या वर आलेला होता. हरण्या पुढच्या खोलीत मोकळा, दोर मागे सरपटत. मला मॅनेजरला जवळून बघायचं होतं, म्हणून मी मागच्या खोलीत गेलो, तिला खाजवलं. बाईंनी पन्ह्याचा पेला हातात दिला आणि पुढे गेल्या. मी त्यांच्यामागून बाहेर आलो. एका हातात पेला, दुसऱ्या हातात माझी पिशवी. दार कोपराने ढकललं. वरची कडी खटकन वाजली, मला वाटलं लागली. खालचीसाठी वाकावं लागलं असतं. मी वाकलो नाही.

आम्ही बोलत बसलो. मी बहुतेक माझ्याच हुशारीचं काही सांगत होतो. तेवढ्यात लाइन गेली. कूलर थांबला आणि घर एकदम मुकं झालं. आत उकडायला लागलं तशी मॅनेजर उठली आणि तिने दाराला डोकं लावलं. वरची कडी अर्धवटच अडकलेली होती. ती निसटली, दार करकरलं, आणि तीन पायांची ती मांजर लंगडत सरळ आमच्या खोलीत आली. हरण्यापासून चार हातांवर.

हरण्या उठला. तोंड मिटलं, कान पुढे, शेपटी ताठ. मी पेल्यासकट जागच्या जागी थिजलो. खरं सांगतो, माझ्या पाच शब्दांपैकी एकही मला आठवला नाही. डोळ्यांपुढे गांधीबागेचा जिना होता.

वंदनाबाई उठल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. बसल्या जागेवरून त्यांनी पाय लांब केला आणि सरपटणाऱ्या दोरावर टाच ठेवली. मग रोज संध्याकाळच्याच आवाजात म्हणाल्या, "हरण्या, पोतं."

तो हलला नाही. मी मनात आकडे मोजत होतो, किती ते आठवत नाही.

"पोतं, राजा."

त्याने मान वळवली. आधी मान, मग छाती, मग सगळं लांबलचक अंग ओढत तो त्याच्या पोत्याकडे गेला आणि बसला. बसला तरी थरथरत होता. मांड्यांपासून कानांपर्यंत सगळा कुत्रा थरथरत होता, डोळे मांजरीवर, पण बूड पोत्यावर. आज्ञा पाळणारी कुत्री मी शेकड्याने पाहिली. स्वतःच्या रक्ताशी असं भांडणारा कुत्रा मी दुसरा पाहिला नाही.

बाईंनी टाच तशीच ठेवून मला म्हटलं, "मास्तर, उचला तिले. हळू."

मी पेला खाली ठेवला, मॅनेजरला उचललं, आत नेलं. दार लावलं. वरची कडी लावली. वाकलो आणि खालची लावली. ती दोनदा चुकली, मग दोन्ही ओढून पाहिल्या.

परत आलो तेव्हा बाई हरण्याच्या शेजारी जमिनीवर बसून त्याला कलेजी भरवत होत्या आणि रडत होत्या. मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी डोळे पुसले, टाचेखालचा दोर मला दाखवला. "पाहा जी. ढिला हाय. त्यानं वढलाच नाई." मग म्हणाल्या, "आता सांगा मास्तर. कोनाले देऊ?"

मी खाली ठेवलेला पेला उचलला. पन्हं सगळं प्यालो, कारण ते टाकलं असतं तर त्या रागावल्या असत्या.

वाचकांनी यातून असं समजू नये की हरण्या सुधारला. त्याची ओढ तशीच राहिली. बाहेर खार दिसली तरी त्याचे पाय आजही शिवशिवतात. त्या दोघांची दोस्ती कधी झाली नाही, एका ताटात जेवले नाहीत, टेकून झोपले नाहीत. पडदा पुढे सगळा निघाला, जाळी राहिली. संध्याकाळी जाळीच्या अलीकडे कुत्रा आणि पलीकडे मांजर, दोघं आपापल्या पोत्यावर पाय पसरून पडायची. एवढंच. पण सहा वर्षं दोघं एका छपराखाली जिवंत राहिली आणि त्यासाठी एका बाईने रोज, न चुकता, दोन कड्या लावल्या. मी त्यानंतर कोणालाही 'एक देऊन टाका' असं पहिल्या भेटीत सांगितलं नाही. वाडीला नेऊन ते दार दाखवायचो. काहींनी तसं केलं, काहींना वेळ नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात मॅनेजर गेली, म्हातारपणाने, तिच्या वाटीशेजारी झोपेत. मला उशिरा कळलं. मी भेटायला गेलो. हरण्याचं तोंड पांढरं झालंय, एका डोळ्याने दिसत नाही. मागची खोली रिकामी होती, कूलर चालू होता. बाई आतून माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या आणि मी दार नुसतं लोटून घेतलं. आता कोणासाठी कड्या लावायच्या?

हरण्या पोत्यावर उठून बसला. मान वर करून दाराकडे कान लावून राहिला. मी बसलो तरी तो आडवा होईना.

"त्याले दोन आवाज लागते," वंदनाबाई म्हणाल्या. "नाई आले तं निजत नाई तो. त्याले वाटते, मॅनेजर उघड्यावर हाय."

मी उठलो. वरची कडी लावली. मग गुडघ्यावर हात ठेवून वाकलो आणि खालची लावली. हरण्याने एक मोठा श्वास सोडला, पोत्यावर अंग टाकलं आणि डोळे मिटले.